खर्ड्याच्या लढाईंतील ठोकळ आंकडे

जुन्या ग्रंथांत सैन्याची संख्या हजारांनीं व लाखांनीं दिलेली पाहिली, कीं कांहीं अभ्यासक ती अतिशयोक्ति म्हणून टाकून देतात, तर कांहीं तीच मोजदाद समजून तिच्यावर बेरजा-वजाबाक्या रचतात. आमच्या मतें दोघेही ठोकळ आंकड्यास अन्याय करतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत खर्डें येथें ११ मार्च १७९५ रोजीं पेशवे व निजामअली यांची लढाई झाली. ग्रँट डफ यानें १८२६ च्या आपल्या इतिहासांत मराठ्यांची फौज १,३०,००० च्या वर, पेंढारी निराळे १०,००० आणि निजामाची फौज १,१०,००० सांगितली आहे. शिंद्यांचे २५,०००, भोसल्यांचे १५,०००, होळकरांचे १०,०००. यांतील एकही आंकडा शेंकड्यावर उतरत नाहीं. सरंजामदारानें किती स्वार बाळगावे हें नेमणुकेंत ठरलेलें असे. हजिरीच्या दिवशीं किती उभे राहिले, हा प्रश्न वेगळा. तेव्हां असा आंकडा बहुधा नेमणुकेचा व लौकिकाचा होय, डोकीं मोजल्याचा नव्हे. तेवढ्यापुरता तो खराच आहे.

याच ग्रंथांत तहाच्या रकमा पाहाव्या. थकलेली बाकी व युद्धखर्च मिळून निजामानें तीन कोटी रुपये द्यावयाचे होते. भोसल्यांच्या गंगथडींतील हक्कांबद्दल मात्र ३,१८,००० उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. या दोन रकमांची जात भिन्न आहे. पहिली विजयी पक्षाच्या मागणीची, दुसरी महालांच्या जमाबंदीवरून निघालेली. पहिलीची गत काय झाली, तीही बोलकी आहे: १७९६ त महाडच्या करारानें नानांनीं तिची उरलेली बाकी सोडून दिली. 

ठोकळपणा सर्वस्वीं मूळ लेखकाचाच असतो असेंही नाहीं. मोडी हिशेबांत आंकड्यापुढील उभ्या रेघा पाव, अर्धा व पाऊण दाखवितात. नकलकारानें त्या विरामाच्या समजून गाळल्या, कीं साडेतीन लाखांचे तीन लाख होतात. तीन लाखांचा आंकडा ठोकळ दिसतो खरा, पण तो ठोकळपणा नसून चूक आहे.

संग्राहकांस आमची विनंति अशी. सनदा व बखरी आपण रुमालांत जपतां. कसर लागलेले ताळेबंद, हजिऱ्या व झडत्या मात्र रद्दींत जातात. बखरींतील लाख हा लाख कां म्हटला गेला, हें त्या कसर लागलेल्या कागदांवांचून कोणासही सांगतां येणार नाहीं. नक्कल करतांना रेघन् रेघ उतरावी, आणि अशा कागदाची निदान यादी तरी प्रसिद्ध करावी.