एक रेघ की दोन? : गेममधला सह्याद्री आणि टेक्श्चरचं कॉम्प्रेशन

शहापूरजवळचा माहुली किल्ला आणि मुरबाडकडून चढून जायचा नाणेघाट, या दोन्ही जागा एकाच गेममध्ये उभ्या करायच्या आहेत असं आपण समजू. कातळ दोन्हीकडे बेसॉल्टचाच. मग टेक्श्चर कॉम्प्रेशनची सेटिंगही एकच ठेवली तर बिघडलं कुठे? आमचं म्हणणं असं की बिघडतं, आणि ते नाणेघाटात.

आधी हे कॉम्प्रेशन काय करतं ते बघू. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं चार चॅनेलचं टेक्श्चर मूळ रूपात १६ एमबी जागा घेतं. बीसी१ पद्धतीत तेच २ एमबीत बसतं. कसं? चित्राचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी दोनच रंग साठवायचे, त्यांच्या मधले दोन गणिताने काढायचे. सोळाही पिक्सेलनी या चारांतूनच रंग घ्यायचा. प्रत्येक चौकोन बरोबर ८ बाइटचा, म्हणून ग्राफिक्स चिपला हवा तो पिक्सेल थेट उचलता येतो. जेपेगमध्ये ही सोय नाही.

माहुलीच्या सुळक्यांना हे चालून जातं. काळा दगड, शेवाळ, गवत. त्या खडबडीतपणात चौकोन लपून जातात.

नाणेघाटाच्या लेण्यात मात्र सातवाहनकाळातला ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन! ही कोरीव अक्षरं आपण वाचतो ती रंगावरून नव्हे, सावलीवरून. गेममध्ये ती सावली नॉर्मल मॅपमधून येते, म्हणजे पृष्ठभागाचा कल रंगाच्या रूपात साठवलेल्या चित्रातून. त्यावर बीसी१ लावलं की सोळा पिक्सेलचे कल चारांत कोंबले जातात. उतार पायऱ्यांसारखे तुटतात, प्रकाश सरकला की चौकोन दिसू लागतात, बारीक रेघ पुसट होते. दोनाचा एक झाला, तर दक्षिणेचा हिशेबच बदलला की!

उपाय आहे. बीसी५ पद्धत दोन चॅनेल वेगवेगळे दाबते, प्रत्येकाला चौकोनामागे आठ पातळ्या देते; तिसरी दिशा शेडर गणिताने काढतो. त्याला लागतात ४ एमबी. म्हणजे सगळा वाद दोन एमबीचा.

आमची तक्रार कॉम्प्रेशनवर नाही. न बघता सगळ्या दगडांना एकच नियम लावण्यावर आहे. तेव्हा काम संपवण्याआधी दिवा बाजूने, खालून धरा आणि रेघा मोजा.