उपाशी टेकड्यांचा धनी

पॅट्रिक कॅव्हनाच्या ‘शॅन्कोडफ’ कवितेच्या ओळी अवघ्या 16. तेवढ्यात तो आपल्याला आयर्लंडच्या मॉनहन परगण्यातला एक अख्खा शेजार हिंडवून आणतो. हिमयुगाने मागे ठेवलेल्या बुटक्या टेकड्यांचा हा मुलूख. 1904 साली इनिशकीनजवळच्या मकर या वस्तीत, जोडे शिवणाऱ्या बापाच्या घरी कॅव्हना जन्मला. शॅन्कोडफला घरची शेती होती; तिथल्या टेकड्यांना तो पुन्हापुन्हा ‘माझ्या’ म्हणतो.

या टेकड्यांचं तोंड उत्तरेला, आर्माकडे. उगवता सूर्य त्यांनी कधी पाहिलाच नाही. शेजारच्या ग्लासड्रमंडचं चर्च पहाटे उजळलं, एवढ्यावरच त्या खूश. त्यांना कसलं कुतूहल नाही. बायबलातल्या लोटच्या बायकोला ते होतं, म्हणून मागे वळून पाहताच ती मिठाचा खांब झाली. कविता लिहिली तेव्हा आर्मा आयर्लंडच्या फाळणीच्या रेषेपलीकडे गेलेलं होतं. कविता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि मला तेच आवडतं.

मग थट्टा येते. हेच माझे आल्प्स, कवी म्हणतो. मॅटरहॉर्न आपण चढलो आहोत. कशासाठी? तर रॉकसॅव्हेजच्या जुन्या गढीखालच्या शेतात गारठलेल्या तीन वासरांसाठी गवताची पेंढी घेऊन! बढाई आणि वासरांची काळजी एकाच श्वासात.

खरी कारागिरी मात्र पैशाच्या प्रतिमेत आहे. मार्च महिन्यातले लखलखते शिलिंग टेकड्या कंजुषासारख्या दडवतात आणि सूर्य त्यांचे खिसे चाचपतो. वाचताना हे नुसतं देखणं वाटतं. पण शेवटच्या कडव्यात गुरं हाकणारे गारांच्या वाऱ्यापासून झुडपाआड उभे राहून वर बघतात, आणि हिशेब उलटतो. पाणकोंबडी आणि पाणलाव्यांनीही टाकलेल्या या उपाशी टेकड्या कुणाच्या, असं ते विचारतात. मालक कवी आहे म्हटल्यावर तो दरिद्रीच असणार, हा त्यांचा निकाल. गुरांच्या बाजारात मुरलेली माणसं ती. जमिनीचा भाव त्यांना कळतो. कॅव्हनाही त्यांना मूर्ख ठरवत नाही.

पहिली दोन कडवी पाच-पाच ओळींची, तिसरं सहा ओळींचं. ती जास्तीची ओळ कवीची: हे ऐकून माझं काळीज हललं नाही का, असा प्रश्न. काहींना त्यात निव्वळ उपहास दिसतो. मला तो माणूस खरोखर हललेला वाटतो. गुराख्यांच्या बोलण्याशी यमक जुळवूनच त्याला हे कबूल करता येतं.