माठ कोणी भरला? उन्हाळी सुखांच्या ललित लेखनाविषयी

आजचा विषय वरवर हलका आहे. उन्हाळा नुकता लागलेला असतो तेव्हाची घरातली साधी सुखं, आणि त्या सुखांवर मराठीत जे ललित लेखन होतं ते, याबद्दल आपण बोलणार आहोत. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या महिन्याभरात रविवारच्या पुरवण्या उघडा. एक तरी लेख असतोच. माठातलं वाळ्याचं पाणी, कैरीचं पन्हं, आंबेडाळ, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, दुपारचे पत्ते, ओंजळभर मोगरा. हा लेख आम्हीही आवडीने वाचतो. तेव्हा आज जी टीका करणार आहोत ती या सुखांवर नाही. ती सुखं खरी आहेत. आमचा प्रश्न त्यांच्या लेखनाबद्दल आहे.

सुरुवात व्याकरणापासून करू. या लेखांमधली क्रियापदं कधी नीट पाहिलीत का? 'माठ भरलेला असायचा.' 'पन्हं तयार असायचं.' 'गच्चीवर पापड वाळत घातलेले असायचे.' भरलेला असायचा, म्हणजे कोणी भरला? वाक्यात कर्ताच नाही. आता त्याच लेखातली मुलांची वाक्यं घ्या. आम्ही खायचो, पळायचो, कैऱ्या पाडायचो, ओरडा खायचो. इथे मात्र कर्ता ठणठणीत हजर आहे. म्हणजे ज्याने सुख घेतलं तो वाक्यात येतो, आणि जिने ते उभं केलं ती क्रियापदाच्या मागे कुठेतरी नाहीशी होते. फार तर शेवटच्या परिच्छेदात 'आजीच्या हातची चव' म्हणून आजीचा हात तेवढा येतो. बाकीची आजी येत नाही.

हा लेखकाचा दुष्टपणा नाही. ही आठवण मुलाच्या उंचीवरून लिहिलेली असते, आणि मुलाला माठ खरोखरच भरलेला दिसतो. पण लिहिणारा आता मूल नाही ना? त्याला आज ठाऊक आहे ते त्याच्या वाक्याला का ठाऊक नसावं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

एक कुरडई घेऊन बघू. गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. मग ते वाटायचे, कालवायचे, चोथा पिळून काढायचा, चीक गाळून ठेवून द्यायचा. चीक तळाशी बसला की वरची निवळ ओतून टाकायची. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी आणायची, मीठ-हिंग घालायचा आणि चीक ओतून घोटत राहायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. हे सगळं उन्हं वर यायच्या आत, कारण गरम चीक सोऱ्यात भरून कुरडया घातल्या की त्यांना दिवसभराचं ऊन मिळायला हवं. शिवाय स्वयंपाकघरात चूल किंवा गॅस पेटलेला, बाहेर एप्रिल. त्यातला वाटीभर गरम चीक, वर तेल किंवा तूप, हे मुलांचं सुख. ते सुख थोर आहे यात शंका नाही. पण त्या वाटीच्या मागे चार दिवस उभे आहेत.

गंमत अशी, की हे चार दिवस ललित लेखात सापडत नाहीत, पाककृतीच्या पुस्तकात सापडतात. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० सालचं. त्या पुस्तकाचं मोठेपण लोक वाटी-चमच्याच्या घरगुती मापांत सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण वाचक म्हणून आम्हाला त्या प्रकारच्या लेखनात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पाककृतीला कृती लपवता येत नाही. भिजवा, वाटा, गाळा, घोटा. प्रत्येक वाक्यात कोणीतरी काहीतरी करत असतं. भाषेचा थाट नसतो, पण कामाला शब्द मिळालेला असतो.

दुसरा दोष जागेचा. या लेखांतला उन्हाळा कुठला असतो, कळत नाही. सगळ्या महाराष्ट्राचा मिळून एकच उन्हाळा, एकच अंगण, एकच माठ. आता माठाचंच बघा. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून हवा जितकी कोरडी तितका माठ गार. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी, त्यामुळे माठ आणि वाळ्याचे ओले पडदे तिथे जीव लावून काम करतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत पारा तितका चढत नाही, पण हवेतच पाणी इतकं, की तोच माठ जेमतेम गार होतो. म्हणजे 'माठातलं गार पाणी' हे अकोल्यात आणि अलिबागेत एकच सुख नाही. खानदेशात ज्वारीचे बिबडे घातले जातात, कोकणात फणसाची साठं वाळतात. हा तपशील लेखकाने टिपला की सुख त्याचं होतं. नाही टिपला, की ते कॅलेंडरवरचं चित्र होतं.

मग चांगलं लेखन कसं असतं? तीन उदाहरणं देतो.

पहिलं दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं. त्यातला 'वसंतहृदय चैत्र' आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचला असेल. पुन्हा वाचा आणि एक गोष्ट शोधा: 'आमच्या लहानपणी' हे शब्द. लेख त्या वाटेनं जातच नाही. दुर्गाबाई चैत्र आठवत नाहीत, चैत्र पाहतात. पिंपळाची कोवळी पानं, लोंबणाऱ्या कैऱ्या, खोडाला लागलेले फणस. प्रत्येक गोष्टीचा रंग आणि आकार वेगळा, आणि तो आत्ता समोर असल्यासारखा. हे पुस्तक घराबाहेरच्या सृष्टीचं आहे, स्वयंपाकघराचं नाही, हे खरं. पण पद्धत शिकण्यासारखी आहे. वस्तूकडे नीट पाहिलं की हळहळ आपोआप कमी होते आणि आनंद वाढतो. आणि ज्या बाईने 'ऋतुचक्र' लिहिलं तिनेच पुढे 'खमंग' नावाचं खाद्यपदार्थांवरचं पुस्तकही लिहिलं, हे विसरू नये. त्यांच्या लेखी ही दोन निराळी जगं नव्हती.

दुसरं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गाणी होतात. बहिणाबाईंची 'आखाजी' नावाची कविता आहे. ती उन्हाळ्याच्या सुखाचीच कविता आहे, पण इथे सुख घेणारी कोण आहे बघा. वर्षभर जी दुसऱ्यांसाठी माठ भरते, दळते, भाकरी थापते, तीच झोक्यावर बसलेली आहे. तिचं सुख म्हणजे काही दिवस काम न करणं. आणि सण सरणार आहे, परत जायचं आहे, हे त्या आनंदाला ठाऊक आहे. त्यामुळे आनंद फिका पडत नाही, उलट धारदार होतो. ज्यांनी घरोट ओढताना गाणी रचली त्या बाईला विश्रांतीची किंमत कोणी शिकवायला नको होती.

चैत्रगौरीचंही तसंच आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर माहेरी येते, महिनाभर झोपाळ्यावर बसते. देवीलासुद्धा महिन्याची रजा. तिच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आपल्या लेखांत ही डाळ आणि हे पन्हं भरपूर येतं. पण त्या हळदीकुंकवाला त्याच घरातल्या विधवा बाईला बोलावणं नसायचं, आणि कैऱ्या किसायला मात्र पुष्कळदा तीच असायची, हे किती लेखांत येतं?

आता तिसरं उदाहरण, आणि इथे जरा थांबायला हवं. माठ कोणी भरला हे विचारलं की पुढचा प्रश्न येतोच: पाणी कुठून आणलं? आणि तिथे कोणाला जाऊ दिलं? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. ते दिवस उन्हाळा लागण्याचेच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ सालीच केला होता, तरी तळ्यावर जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. म्हणजे ज्या काळातल्या गार पाण्याच्या आठवणी आपल्याकडे 'साधं सुख' म्हणून लिहिल्या गेल्या, त्या काळात ते पाणी सगळ्यांसाठी साधं नव्हतं.

ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ सालचं. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू: सुपं, रोवळ्या, टोपल्या. लेखिकेची आई त्या विणून घर चालवत होती. आता उन्हाळी वाळवणाच्या लेखातलं सूप आठवा, तांदूळ धुवायची रोवळी आठवा. ललित लेखात त्या वस्तू घरातच उगवल्यासारख्या असतात. 'आयदान'मध्ये त्या विणणारे हात दिसतात, आणि त्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचवणारी मुलगी दिसते. तिला बाहेर उभं करतात, वस्तूवर पाणी शिंपडून ती आत घेतात, आणि पैसे वरून टाकतात. सूप तेच आहे. फक्त कॅमेरा उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला लावलाय. ही दोन्ही पुस्तकं, म्हणजे आठवणींचं आणि आयदानाचं, शेजारी ठेवून वाचल्याशिवाय आपल्याला आपलं घर पूर्ण दिसत नाही, असं आमचं मत आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, अहो, पन्ह्याचा पेला हातात घेतला की त्यातसुद्धा हिशेब? माणसाला दोन घटका निवांत बसू द्याल की नाही? जरूर बसावं. प्रत्येक लेखाने समाजशास्त्र सांगावं असं आम्ही म्हणत नाही. तसं केलं तर तोही एक साचाच होईल, आणि जास्त कंटाळवाणा. पण 'आखाजी' वाचून कुणाचा आनंद कमी झालाय का? चीक किती मेहनतीने होतो हे कळलं म्हणून त्याची चव उतरते का? आमचा अनुभव उलट आहे. कर्ता वाक्यात आला की वाक्य जिवंत होतं. 'पन्हं तयार असायचं' यापेक्षा 'वहिनी सकाळी कैऱ्या उकडायला टाकायची आणि त्या निवेपर्यंत धुणं उरकून यायची' हे वाक्य वाचायलाही चांगलं आहे. त्यात एक माणूस आहे, एक सकाळ आहे.

आणि खरा प्रश्न यापुढचा आहे. या लेखांचा शेवट ठरलेला असतो: 'आता ते दिवस राहिले नाहीत.' आता सगळं विकतचं, पाकिटातलं. गच्च्या ओस पडल्या. हे वाक्य निरागस दिसतं, पण त्याचं बोट कोणाकडे असतं? नोकरीहून सात वाजता घरी येणाऱ्या सुनेकडे, लेकीकडे. जे काम कोणी करत होतं असं लेखात कधी म्हटलंच नाही, ते काम बंद पडलं की मात्र दोषी बरोबर सापडते. काम अदृश्य आणि कामचुकारपणा तेवढा दृश्य, असा हा न्याय आहे. ललित लेखनाने नकळत या न्यायाला भाषा पुरवली, ही आमची त्याच्याविषयीची मुख्य तक्रार आहे.

शिवाय पाकिटाचा इतिहासही जरा पाहावा. १५ मार्च १९५९ रोजी, म्हणजे पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावरच, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. तीच गच्ची, तेच पोळपाट-लाटणं, तेच ऊन. फरक इतकाच, की इथे लाटलेल्या पापडाचा हिशेब ठेवला गेला आणि लाटणारी बाई भागीदार झाली. विकतचा पापड आला म्हणून हळहळणाऱ्या लेखाने कधीतरी या गच्चीवरही जाऊन यावं. परंपरा तिथे संपली असं म्हणायचं, की तिथे तिला पहिल्यांदा मोल मिळालं असं म्हणायचं? आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत.

तर लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना आमची एक साधी सूचना. यंदा उन्हाळ्यावर काही लिहिलंत, तर पाठवण्याआधी 'असायचं' आणि 'असायचे' या शब्दांखाली रेघ मारा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: हे कोणी केलं? नाव आठवत असेल तर घाला. नात्याने हाक मारत असाल तर तीच घाला: काकू, आत्या, मावशी, कामाला येणाऱ्या बाई. गाव कुठलं तेही घाला. बाकी मोगरा, वाळा, पन्हं, सगळं असू द्या. ते काढा असं आम्ही म्हणणार नाही. उन्हाळ्यात या गोष्टींशिवाय कोणाचं चाललंय?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.