भूकंपाचे वृत्तछायाचित्र : करुणा, पुरावा आणि गावाचे नाव

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमाभागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. नंतरच्या काही दिवसांत येथून जी वृत्तछायाचित्रे देशभर गेली, त्यांनी या आपत्तीची प्रतिमा कायमची ठरवून टाकली. या प्रतिमेने काय जपले आणि काय गाळले, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपत्तीच्या छायाचित्रांची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाशी अडकते : प्रेत दाखवावे की दाखवू नये? दहशतवादी हल्ले व जातीय दंगलींच्या संदर्भात छिन्नविच्छिन्न मृतदेहांची छायाचित्रे टाळावीत, असा भारतीय वृत्तपत्र परिषदेचा संकेत आहे आणि तो योग्यच आहे. तथापि नीतीचा विचार तेथेच थांबला, तर जे छायाचित्र सभ्य आहे पण काहीच सांगत नाही, ते निर्दोष ठरते. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही.

तुलनेसाठी भोपाळचे उदाहरण घेता येईल. डिसेंबर १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर एका अनोळखी बालकाच्या दफनाचे छायाचित्र रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपले. बार्थोलोम्यू यांच्या रंगीत छायाचित्रास 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा त्या वर्षाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. त्या बालकाचे नाव आजही ठाऊक नाही. तरीही ते चित्र न्यायाच्या मागणीचे प्रतीक झाले, कारण चित्राच्या चौकटीबाहेर एक आरोपी उभा होता, एक कारखाना होता. भूकंपास आरोपी नसतो, अशी समजूत आहे. त्यामुळे ढिगाऱ्यापुढे बसलेल्या शोकमग्न माणसाचे चित्र पाहून वाचक हळहळतो, मदतनिधी पाठवितो आणि पान उलटतो. ही मदत मोलाची होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या भागात आरोपी होता. तो म्हणजे घर. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि माळवदावरील मातीचा जड थर यांनी उन्हाळ्यात गारवा दिला, आणि त्या पहाटे निजलेल्या माणसांना गाडले. अनेक खणाच्या घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या. अशा उभ्या खांबांचे एखादे छायाचित्र, मागे कोसळलेली भिंत आणि मोजमापासाठी शेजारी उभा माणूस, हे शंभर अश्रूंहून अधिक सांगून जाते. कोण मेले याबरोबरच कशाने मेले, हेही ते सांगते.

असे चित्र तुलनेने मागे पडले, याला तंत्राचाही हातभार होता. स्वस्त वृत्तपत्री कागदावर जाळीच्या ठिपक्यांतून छापलेल्या कृष्णधवल चित्रात दगड, माती आणि लाकूड यांचा पोत टिकत नाही. सारेच एकसारखे करडे होते. चेहरा मात्र त्या छपाईतही ओळखू येतो. म्हणून जवळून घेतलेला चेहरा निवडला जाणे स्वाभाविक होते. छायाचित्रकाराच्या संवेदनशीलतेवर आक्षेप घेण्यापूर्वी संपादकाचे टेबल आणि छापखाना यांचाही विचार व्हावयास हवा.

चित्राखालील ओळीसाठी मात्र छपाईची सबब चालत नाही. ढिगारा आपले नाव सांगत नाही; ते नाव ओळ देते. 'किल्लारी' किंवा 'लातूर' हे शब्द एकदा रूढ झाल्यावर सास्तूर, राजेगाव, होळी ही धाराशिव जिल्ह्यातील गावे त्या शब्दांखाली दडली. यात इतिहासाची एक गंमत आहे, जरी ती गंमत म्हणवत नाही : १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत औसा तालुक्यातील किल्लारीदेखील उस्मानाबाद जिल्ह्यातच होती. अकरा वर्षांपूर्वी आखलेल्या प्रशासकीय रेषेने शोकाची वाटणी ठरविली. मथळ्यास एकच नाव लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु छायाचित्राखाली गावाचे नेमके नाव छापण्यास चार-पाच अक्षरांपेक्षा अधिक जागा लागत नाही.

पुढे सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्ते, सरळ ओळी, एकमेकांपासून सुटी घरे. जुन्या गावठाणातील गल्ल्या, वाडे, पार आणि वेशी नकाशावरून गेल्या. ज्यांचे जुने गाव आज केवळ दगडांचा पसारा आहे, त्यांच्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर १९९३ चे वृत्तछायाचित्र हे गल्ली कोठून वळत होती, याचा कदाचित शेवटचा दृश्य पुरावा आहे. वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींमधील ही छायाचित्रे गावनिहाय वेगळी काढून, भूकंप पाहिलेल्या वृद्धांसमोर ठेवून त्यांखालील ओळी नव्याने लिहून घेणे, हे काम इतिहास, भूगोल आणि पत्रकारिता या विभागांना मिळून करता येण्याजोगे आहे. त्या पिढीतील माणसे दरवर्षी कमी होत आहेत.