पहिल्या हेन्रीची सनद
इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम ता. २ ऑगस्ट ११०० रोजीं मृगयेंत बाण लागून मेला. धाकटा भाऊ हेन्री यानें तत्काळ विंचेस्टरचा खजिना ताब्यांत घेतला व ता. ५ रोजीं वेस्टमिन्स्टर येथें राज्याभिषेक करविला. सर्व राज्यांतील सरदारांच्या संमतीनें आपणांस अभिषेक झाला, असें तो सनदेंत म्हणतो. तीन दिवसांत ते सर्व जमणें अशक्य. वडील बंधु रॉबर्ट तर धर्मयुद्धाहून परतलाहि नव्हता. मूळ सनद उपलब्ध नाहीं, नकला आहेत. तथापि तिच्या अस्सलपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती या विधानाविषयीं. जाचक वहिवाटी बंद करण्याचें वचन देऊन हेन्रीनें ती संमति मागाहून मिळविली, असें आम्हांस वाटतें. अस्सल कागदहि पक्षपाती असूं शकतो, हें संशोधकांनीं विसरूं नये.