फिल्म स्कूल निवडताना न दिसणाऱ्या दोन चौकटी

मागच्या महिन्यात शिरूरच्या एका कॉलेजात संशोधन पद्धतीवर बोलायला गेलो होतो. विषय नेहमीचाच, सॅम्पल कसं निवडायचं. बोलणं संपल्यावर एक मुलगी थांबली. तिला पटकथा लिहायची होती आणि पदवीनंतर कुठल्या फिल्म स्कूलला जावं, हे विचारायचं होतं. मोबाईलवर तिने एक माहितीपत्रक उघडलं. पहिल्याच पानावर माजी विद्यार्थ्यांचे आठ-दहा फोटो. म्हणाली, "सर, बघा ना, इथून किती लोक पुढे गेलेत!"

त्याच आठवड्यात दौंडहून मामेभावाचा फोन आला. तोही पटकथा लिहितो, पण त्याचं म्हणणं बरोबर उलटं. "दादा, जायचंच कशाला? नागराज मंजुळे कुठं गेले होते?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटेल, की या ब्लॉगवर हा विषय कशाला. पण तास-दीड तास सॅम्पलवर बोलून झाल्यावर माझ्यासमोर दोन हुशार मुलं एकच चूक दोन बाजूंनी करत होती, आणि दोन्ही घरांत पैशाचा प्रश्न होता. म्हणून आज शोधनिबंधाऐवजी या दोन 'पुराव्यांचं' परीक्षण करू.

आधी फोटोंचं. फोटो खोटे नसतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचंच घ्या. 1960 मध्ये प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत ती सुरू झाली, आणि तिथून बाहेर पडलेल्यांची यादी करायला बसलात तर वही भरेल. अगदी अलीकडचं नाव म्हणजे पायल कपाडिया, 2024 ला कानमध्ये 'ग्रां प्री'. हे सगळं खरंच आहे. पण फोटो तुम्हाला फक्त एवढं सांगतो, की हा माणूस इथे होता. त्याच्या बाकावर शेजारी बसलेल्याचं काय झालं, हे तो सांगत नाही.

वहीत चार चौकटी आखा. शाळेत गेले आणि नाव झालं. शाळेत गेले आणि नाव झालं नाही. गेले नाहीत तरी नाव झालं. गेले नाहीत आणि झालंही नाही. माहितीपत्रक तुम्हाला पहिली चौकट दाखवतं. मामेभाऊ तिसरी दाखवत होता. दुसरी आणि चौथी कुणीच दाखवत नाही, कारण त्या चौकटींतल्या माणसांचे फोटो कुठे छापून येत नाहीत. आणि शाळेचा उपयोग होतो की नाही हे ठरवायला तर चारही आकडे लागतात. यशस्वी लोक गोळा करून त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधायचं, ही पद्धत मराठी एम.ए.च्या प्रबंधांतही सर्रास दिसते. व्हायवाला कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

त्यात आणखी एक गुंता आहे. मोठ्या संस्था परीक्षा आणि मुलाखत घेऊन अगदी मोजकी मुलं निवडतात. नव्वद टक्क्यांच्या पुढचीच मुलं घेणाऱ्या क्लासचा निकाल चांगला लागला तर श्रेय क्लासचं किती आणि मुलांचं किती? चारही चौकटी भरल्या तरी हा प्रश्न उरतोच.

आता मामेभावाची बाजू. ही यादीही मोठी करता येते. विजय तेंडुलकर शाळासुद्धा पूर्ण न करता पटकथाकार झाले आणि 'मंथन'च्या पटकथेला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'देऊळ'च्या संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे गिरीश कुलकर्णी इंजिनिअर. 'द डिसायपल'च्या पटकथेला 2020 मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला, ते चैतन्य ताम्हाणेही फिल्म स्कूलचे नाहीत. वाचायला छान वाटतं. पण ही तिसरीच चौकट आहे.

शिवाय त्याचं मुख्य उदाहरणच चुकीच्या चौकटीत बसवलेलं होतं. नागराज मंजुळे गेले होते. पुण्यात मराठी घेऊन एम.ए. आणि त्यानंतर नगरच्या (आता अहिल्यानगर) न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन अभ्यास. 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट त्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते जेऊरचे, म्हणजे दौंड–सोलापूर मार्गावरचे. दौंडहून नगरला थेट रेल्वे आहे, शिरूर तर पुणे–नगर रस्त्यावरच. आपल्याकडच्या मुलांना 'फिल्म स्कूल' म्हटलं की मुंबई दिसते, लॉ कॉलेज रोड दिसतो. तासाभरावरचा एक विभाग दिसत नाही, कारण त्याच्या दारावर तसं नाव लिहिलेलं नाही. संशोधनात याला व्याख्येची चूक म्हणतात. तुम्ही 'फिल्म स्कूल' या शब्दात काय धरता त्यावर उत्तर बदलतं.

मामांचा मुद्दा अजून वेगळा. केडगावजवळ त्यांचा ऊस आहे, गुऱ्हाळ आहे. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, फी भरण्यापरीस पिक्चरच काढू दे की त्याला. कऱ्हाडेंनी नाही का जमीन विकली? अर्धा एकर मी बी विकतो." भाऊराव कऱ्हाडे यांचं नाव शिरूर-श्रीगोंद्याच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. 'ख्वाडा'साठी जमीन विकल्याची गोष्ट पेपरांतून सगळीकडे पोचली, चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ती गोष्ट पारावर जाऊन बसली. मला त्या धाडसाबद्दल आदरच आहे. पण जमीन विकली, चित्रपट झाला आणि डब्यात पडून राहिला, अशा माणसाची गोष्ट मामांना कोण सांगणार? तो माणूस स्वतः तर सांगणार नाही.

मग निवडायचं कशावरून? इथे मला फोटो आणि पुरस्कार सोडून एका प्रसंगाकडे जायचं आहे. 'फँड्री' तुम्ही पाहिला असेलच. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडतंय, सगळं गाव बघतंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र निघून जातं.

हा प्रसंग कागदावर किती असेल? चार-पाच ओळी. संवाद नाही. आता कल्पना करा, की हे पान तुम्ही लिहिलंय आणि दोघांना वाचायला दिलंय. एक वाचक असा, की ज्याला डुक्कर पकडणं म्हणजे काय, ते कोण करतं, बाकीचे कसे हसतात हे सगळं पाठ आहे. त्याला लगेच कळेल, पण म्हणूनच तो काही विचारणार नाही. जे त्याच्या डोक्यात आधीच आहे, ते पानावर आहे की नाही हे त्याला दिसतच नाही. दुसरा वाचक कोलकात्याचा किंवा कोचीचा. तो विचारेल, की लोक हसतात का, मुलगा लपतो का, त्या मुलीने बघितलं तर काय बिघडतं? हे प्रश्न चीड आणतात. पण पटकथा या प्रश्नांनीच घडते, कारण शेवटी तुमचं पान अशाच माणसांच्या हातात जातं. कॅमेरावाल्याच्या, संकलकाच्या, निर्मात्याच्या.

पहिला वाचक तुम्हाला खोटं लिहू देत नाही, दुसरा अर्धवट लिहू देत नाही. माझ्या पीएचडीसाठी मी पटकथांचे जुने खर्डे वाचतो. समासातल्या दुसऱ्या हस्ताक्षरातल्या शेऱ्यांवरून बहुतेक वेळा कळतं, की लेखकाला यातला कोणता वाचक मिळाला होता आणि कोणता नव्हता.

म्हणून माझं मत असं, की शाळा निवडताना 'सर्वांत चांगली कोणती' हा प्रश्नच टाका. तुमच्याकडे कोणता वाचक नाही, हे आधी ठरवा. शिरूरच्या त्या मुलीकडे एकही नव्हता. वडील रांजणगाव एमआयडीसीत, घरात कुणी वाचत नाही, लिहिलेलं तिने आजवर कुणाला दाखवलेलंच नव्हतं. तिला मी सरळ नगर आणि पुण्यातले कमी फीचे अभ्यासक्रम आधी बघायला सांगितलं. घरून जाण्यायेण्यासारखे, मराठीत लिहिलेलं मराठीत वाचणारे. पहिल्याच वर्षी लाखांत फी भरून इंग्रजीत लिहायला लागली असती, तर आपण वाईट लिहितो की वाईट इंग्रजी लिहितो हेच तिला कळलं नसतं. मामेभावाचं उलटं. त्याच्या सगळ्या मित्रांना त्याचं सगळं आवडतं. त्याने लांबच जावं.

संस्थेला विचारायचं ते यातूनच निघतं. माहितीपत्रकात विषयांची नावं असतात, ती सगळीकडे सारखीच. तुम्ही विचारा, की वर्षभरात माझ्या एका पटकथेचे किती खर्डे कोण वाचणार, लेखी शेरे मिळणार का? आणि सर्वांत महत्त्वाचं, लेखनाच्या विद्यार्थ्याने लिहिलेलं चित्रित होतं का? पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम नीट वाचलेत तर 'दिग्दर्शन आणि पटकथालेखन' हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम वेगळा आणि निव्वळ पटकथेचा, कमी मुदतीचा, वेगळा. दोन्हींत 'पटकथा' हा शब्द आहे. पण एकात तुम्ही स्वतः लिहिलेलं स्वतः चित्रित करता, दुसऱ्यात तुम्ही लेखक म्हणून येता. आपलं वाक्य नटाच्या तोंडून ऐकताना ते किती लांबलंय हे कळतं. ते कुठलंही पुस्तक शिकवत नाही.

मुदतही छापील धरू नका. 2015 मध्ये त्या इन्स्टिट्यूटमध्ये 139 दिवसांचा संप झाला, तेव्हा 2008 च्या तुकडीचे पदविका चित्रपट अजून अपुरेच होते, हे वर्तमानपत्रांत आलेलं आहे. तीन वर्षांचा हिशेब करून कर्ज काढणाऱ्याने हे वाचायला हवं. आत्ताची स्थिती काय, हे मागच्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्यांना विचारा, आणि त्यांचे नंबर संस्थेकडून घेऊ नका. संस्था पहिल्या चौकटीतलेच नंबर देते. नापास झालेले, मध्येच सोडलेले, आता दुसरंच काही करणारे असे दोघे-तिघे गाठा. शोधायला वेळ लागतो. माझ्या पहिल्या फील्डवर्कला असे चार लोक मिळवायला दोन महिने गेले आणि प्रबंधातली सर्वांत कामाची पानं त्यांच्यामुळेच आली.

मामेभावाला मी अर्ज भरायच्या आधी एक काम दिलं. त्याची पटकथा गुऱ्हाळावरच आहे. म्हटलं, ज्याने गुऱ्हाळ कधी पाहिलं नाही अशा एकाला वाचून दाखव. दौंडच्या रेल्वे कॉलनीत त्याचा एक मित्र आहे, घरी हिंदी बोलणारा. त्याला दाखवलं. अकराव्या पानावर मित्राने थांबवलं आणि विचारलं, "ये आदमी बार-बार कढ़ाई में क्या देख रहा है?"

तो गुळव्या होता. काहिलीतला पाक उतरवायचा नेमका क्षण बघत होता, आणि पटकथेतलं पुढचं सगळं त्या क्षणावर अवलंबून होतं. पानावर एवढंच लिहिलेलं होतं: 'तो काहिलीजवळ उभा.' मामेभाऊ रात्री फोनवर वैतागून सांगत होता, की एवढं साधं कळत नाही का त्याला. परवा त्याने अकरावं पान नव्याने लिहून पाठवलंय. त्याचं आता अडीच पान झालंय, आणि अर्ध्या एकराचा विषय ऊस तुटेपर्यंत काढायचा नाही असं मामींनी सांगून ठेवलंय.