आधी पक्षी, मग प्रतीक

फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या येशूसंघीय कवीचा दाखला धार्मिक लेखनात व प्रवचनांत जेव्हा येतो, तेव्हा तो बहुधा ‘द विंडहॉवर’ या सुनीताचा असतो. पक्षी म्हणजे ख्रिस्त आणि त्याची भरारी म्हणजे प्रभूचे वैभव, एवढे सांगितले की कविता समजावून झाली असे मानले जाते. हा अर्थ चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. कविता प्रभू ख्रिस्ताला अर्पण केलेली आहे व ते अर्पण कवीच्याच हातचे आहे. आमची तक्रार इतकीच की, या वाचनात पक्षी उरत नाही. तेथे गरुड असो, घार असो की कागदाचा पतंग असो, प्रवचन तेच राहील. ज्या कवितेतला पक्षी बदलला तरी अर्थ बदलत नाही, ती कविता वाचलीच गेली नाही, असे आम्ही समजतो.

कवितेखाली स्थळ-काळ आहे: सेंट ब्यूनोज, ३० मे १८७७. उत्तर वेल्समध्ये क्लुइड नदीच्या खोऱ्यावर, माएनेवा टेकडीच्या उतारावर येशूसंघाचे हे ईशज्ञान विद्यालय होते. हॉपकिन्स तेथे १८७४ मध्ये आले आणि २३ सप्टेंबर १८७७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. अभ्यासातून सुटका मिळाली की विद्यार्थी टेकड्यांवर, ओढ्यांच्या काठाने दूरवर चालत जात. खाली हिरवे खोरे, वर झुडपांचे उघडे माळ, पश्चिमेला स्नोडनचे डोंगर. उन्हाळ्यात या माळांवर चंडोल गातो, खरूची वाऱ्यावर तरंगते, आणि ओढ्यांवर काळ्या अंगावर पिवळी कडी असलेला मोठा चतुर गस्त घालतो.

ही पाहण्याची सवय मात्र वेल्समधली नव्हे. १८६८ साली येशूसंघात प्रवेश करताना हॉपकिन्स यांनी आपल्या कविता जाळल्या आणि पुढची सात वर्षे काव्यलेखन जवळजवळ वर्ज्य केले. त्या काळात त्यांनी लिहिली ती रोजनिशी: ढग कसे फाटतात, पाणी दगडावरून उतरताना कोणता आकार घेते. त्याच रोजनिशीत एक नोंद आहे. १८६९ च्या जानेवारी ते जुलै या सहा महिन्यांत ते एक प्रायश्चित्त करीत होते, आणि त्यामुळे त्यांना फारसे काही पाहता आले नाही. उपवासकाळात आपण मांस सोडतो, कोणी तंबाखू सोडतो. या माणसाने पाहणे सोडले! सोडण्याजोगे मोल ज्याला त्यात दिसले, त्याची नजर केवळ शोभेची नव्हती. १८७५ च्या डिसेंबरात ‘डॉइचलांड’ जहाज बुडाले, वरिष्ठांनी त्यावर कोणी लिहावे अशी इच्छा दाखविली, आणि लेखणी पुन्हा मोकळी झाली.

आता तो पक्षी पाहू. खरूची हा लहान ससाणा. भक्ष्य शोधताना तो वाऱ्याकडे तोंड करतो आणि वाऱ्याच्या वेगाइतक्याच वेगाने उडतो. म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्यास तो जागच्या जागी टांगलेला दिसतो. पंख थरथरतात, शेपटी पंख्यासारखी उघडते, पण डोके जवळजवळ स्थिर असते, कारण खाली गवतात रानउंदीर हलला तर तो दिसला पाहिजे. हॉपकिन्स यांच्या पहिल्या आठ ओळी म्हणजे याच कसरतीचे वर्णन आहे. लांब लगामावर गोल फिरणारा घोडा ते आठवतात. आमच्या वाचकांनी खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारा बैल आठवावा. मात्र तो बैल हवेत आहे आणि त्याला कोणी हाकत नाही. मग बर्फावर वळण घेणाऱ्या स्केटची टाच येते. या उपमा सजावटीच्या नाहीत. स्थिर दिसण्यासाठी किती श्रम लागतात, हे त्या सांगतात. येथून ख्रिस्ताकडे जायचे तर वैभवाच्या वाटेने नव्हे, श्रमाच्या वाटेने जावे लागते. म्हणूनच शेवटी आकाश सुटते आणि शेतात चालणारा नांगर येतो, ज्याचा फाळ मातीत घासूनच चकाकतो. मग फुटणारा निखारा येतो. वसईच्या शेतकऱ्याला हा फाळ समजावून सांगण्याची गरज नाही. जो वाचक पक्ष्याचे श्रम न पाहता थेट प्रतीकावर उतरला, त्याला मात्र ही नांगराची ओळ उपरी वाटेल.

अर्पणाच्या शब्दांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते मूळ प्रतीत नव्हते, काही वर्षांनी जोडले गेले. आधी पक्षी, मग अर्पण. आम्हांला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

दुसरे सुनीत निनावी आहे. त्याच्या आरंभीच खंड्या व चतुर येतात आणि दोघांचे नाते अग्नीशी जोडले जाते. शेपटीला दोरा बांधून चतुर उडविणाऱ्या आपल्या मुलांना हे पटेल. ऊन असले तरच तो पेटल्यासारखा दिसतो. ढग आला की गवताच्या काडीवर बसतो आणि विझतो. खंड्याच्या पाठीची निळाईही रंगद्रव्याची नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरल्याने ती दिसते. विझलेला चतुर आणि पेटलेला चतुर एकच आहे, फरक त्याच्यावर पडणाऱ्या उन्हाचा. पुढे कवी म्हणतो की नीतिमान मनुष्य कृपेने वागतो आणि ख्रिस्त त्याच्यात वावरतो. कृपा व निसर्ग यांचे नाते सांगायला याहून नेमका कीटक मिळाला नसता. तरीही आमच्या मते येथे कवी घाई करतो. चतुराला अर्धी ओळ देऊन तो विहिरीतला दगड, तार आणि घंटा यांकडे वळतो, व पुढील सहा ओळींत सिद्धान्त सांगतो. खरूचीला मिळालेला अवकाश चतुराला मिळाला नाही. म्हणून हे सुनीत अधिक उद्धृत होते, पण तितके अनुभवले जात नाही.

‘विंडहॉवर’ही दोषमुक्त नाही. त्यातील कळीचे क्रियापद जुळणे आणि मोडणे अशा दोन्ही अर्थांनी लागते, आणि विल्यम एम्पसन यांनी १९३० च्या ग्रंथात त्यावर वाद घातला तो अजून मिटलेला नाही. हॉपकिन्स यांना मात्र ही आपली सर्वोत्तम रचना वाटत होती. ८ जून १८८९ रोजी डब्लिनमध्ये विषमज्वराने त्यांचा अंत झाला. मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ मध्ये कविता छापल्या. त्या ७५० प्रती खपायला सुमारे दहा वर्षे लागली.

आपल्या ख्रिस्ती मराठी कवितेत पक्षी पुष्कळ आहेत. ते किलबिलतात, प्रभूचे गुण गातात, पहाटे उठतात. पण कोणता पक्षी, कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, हे क्वचितच कळते. निर्मात्याची स्तुती करताना निर्मितीचे नावही न विचारणे, ही भक्ती आम्हांला अपुरी वाटते. आणि आता तर वेळही कमी आहे. हॉपकिन्स यांनी ज्याच्यावर दोन सुनीते रचली तो चंडोल १९९६ पासून ब्रिटनच्या चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत आहे.

या सुनीताचे मराठी रूपांतर जो कोणी करील, त्याला पहिल्याच ओळीत मोह होईल तो ‘गरुड’ लिहिण्याचा. बायबलमध्ये गरुड आहे, तो ऐकायला भारदस्त आहे, वृत्तातही चटकन बसतो. पण गरुड उंचावर पंख पसरून घिरट्या घालतो, वाऱ्याशी असा जागच्या जागी झुंजत नाही. तेथे ‘खरूची’ हाच शब्द हवा. हिवाळ्यात ती आपल्या माळरानांवरही येते. अनुवादकाने लेखणी उचलण्यापूर्वी एखादा डिसेंबर तिच्यामागे घालवावा.